जुन्या संगणकावर लिनक्स : एका धान्यव्यापाऱ्याचा अनुभव

बेळगावच्या रविवार पेठेत आमचे घाऊक धान्याचे दुकान आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेले. अशा माणसाने संगणकासारख्या विषयावर लेखणी उचलावी हे काही सुज्ञ सभासदांस धाडसाचे वाटेल, आणि तसे वाटणे गैरही नव्हे. परंतु गेल्या बैठकीच्या वेळी, दुकानातील जुना संगणक भंगारात द्यावा की ठेवावा, हा एकच प्रश्न पाचसहा बंधूंनी आमच्यापाशी काढला. त्या वाटेने आम्ही एकदा जाऊन आलो असल्यामुळे, वाटेत खड्डे कोठे आहेत एवढे सांगण्याचा अधिकार आपणांस आहे असे समजून हा लेख लिहीत आहोत.

प्रश्नाचे मूळ असे. आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीवर विंडोज १० ही कार्यप्रणाली होती. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. प्रत्येक काम याच्या हातून व्हावयाचे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने या कारभाऱ्याची नेहमीची डागडुजी थांबविली. ठरावीक अटींवर आणखी एक वर्षाची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत तिने देऊ केली, इतकेच. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. मात्र यापुढे त्यात सापडणारी भोके कोणी बुजविणार नाही असा त्याचा अर्थ. पुढची आवृत्ती विंडोज ११ घ्यावी म्हटले, तर तिला यंत्रामध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आमचा संगणक २०१३ सालचा, तिसऱ्या पिढीचा, ४ जीबी मेमरीचा. दुकानदाराने एका दृष्टिक्षेपात निकाल दिला : "अण्णा, याचे आयुष्य संपले. नवीन घ्या."

दिवाळी आठवड्यावर आली होती आणि पेठेत माल उतरत होता. खरेदीचा विचार करण्यास सवड नव्हती, आणि खरे सांगावयाचे तर मनही होत नव्हते. यंत्राचा पंखा फिरत होता, पडदा स्वच्छ होता, कळफलकाची एक कळ तेवढी अडत होती. ज्या पोत्यातील धान्य चांगले आहे ते केवळ पोत्यावरील शिक्का जुना झाला म्हणून उकिरड्यावर टाकावे, असे आमच्या धंद्यात कोणी करीत नाही. आमची नात पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेते. तिला दूरध्वनीवर ही हकीकत सांगितली, तेव्हा तिने 'लिनक्स' हा शब्द उच्चारला आणि वर म्हणाली, "आजोबा, तुमचे तुम्हीच करा. अडले तर विचारा."

हे लिनक्स म्हणजे काय ते प्रथम सांगितले पाहिजे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लीनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी १९९१ साली हौसेखातर कार्यप्रणालीचा गाभा लिहीत होता. त्या वर्षीच्या २५ ऑगस्टला त्याने हे काम जगजाहीर केले. १९९२ पासून तो गाभा त्याने एका विशिष्ट परवान्याखाली सर्वांस खुला केला. तो परवाना अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी तयार केलेला. कोणाच्याही मालकीची नसेल अशी पूर्ण प्रणाली उभारण्याचे काम त्यांनी १९८३ सालीच जाहीर केले होते. परवान्याची कल्पना धान्यव्यापाऱ्यास चटकन समजावी अशी आहे. एखाद्याने उत्तम बियाणे दिले आणि सांगितले, की पेरा, खा, सुधारा, विका, वाटा. अट एकच, तुम्ही ज्याला द्याल त्यालाही हीच मोकळीक द्या. आपण यास 'फुकट' म्हणतो आणि फुकटच्या मालाकडे संशयाने पाहतो. परंतु येथे 'मुक्त' हा शब्द अधिक बरोबर आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइडच्या दूरध्वनीत गाभा हाच आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत बलाढ्य पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवरच चालत आले आहे. तेव्हा माल हलका आहे ही शंका काढून टाकावी.

आता नवख्याला गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की लिनक्स या एकाच नावाने बाजारात शेकडो प्रकार मिळतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. गहू तोच; कोणी त्याला दोनदा चाळतो, कोणी प्रतवारी लावतो, कोणी पाच किलोच्या पिशवीत भरून वर नाव छापतो. गाभ्याभोवती उपयोगाचे सामान रचून जो तयार संच देतात त्यास 'वितरण' म्हणतात. डेबियन हे १९९३ पासूनचे जुने घराणे. त्याच्या आधारे २००४ साली उबंटू निघाले आणि उबंटूच्या आधारे २००६ पासून लिनक्स मिंट. विंडोजची सवय असलेल्या माणसास मिंट सर्वांत कमी परके वाटते, असे आमच्या नातीचे मत, आणि अनुभवाने आमचेही तेच झाले आहे. मिंटच्याही तीन तऱ्हा आहेत : सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. शेवटची सर्वांत हलकी म्हणून आम्ही तीच घेतली. तिच्या २२ व्या मालिकेची देखभाल २०२९ पर्यंत चालणार आहे. तिला निदान २ जीबी मेमरी लागते, पण ४ जीबी असल्याखेरीज सुख नाही. आणि यंत्र ६४ बिटांचे असावे लागते. कोअर टू ड्युओ किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर ही अट पुरी होते. त्याहून जुने यंत्र असल्यास मिंटच्या नादी लागू नये.

कामाला लागण्यापूर्वी करावयाचे काम म्हणजे नक्कल. त्याविषयी आमच्या हातून झालेली चूक थोडी विस्ताराने सांगतो, कारण या लेखातील दुसरे काहीही वाचकांनी विसरले तरी चालेल.

आमचे चालू हिशेब २०२१ पासून दुसऱ्या नव्या संगणकावर गेले होते. या जुन्या यंत्रावर पत्रव्यवहार, उधारीचे तक्ते व किरकोळ कागद एवढेच आहे अशी आमची समजूत. पडद्यावर दिसणारे सर्व आणि 'डॉक्युमेंट्स' या फोल्डरातील सर्व आम्ही बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, दोनदा उघडून पाहिले, आणि निश्चिंत झालो. एका रविवारी दुपारी यंत्र लिनक्सवर सुरू केले व बसविण्याच्या पायऱ्या चढू लागलो. 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट' असे विचारणारा पडदा समोर आला. बोट कळीवर होते. शेजारी आमचे दिवाणजी चहाचा पेला घेऊन बसले होते. एकतीस वर्षे ते आमच्या पेढीवर आहेत. ते म्हणाले, "अण्णा, थोरल्या अण्णांच्या भावाच्या नोंदी घेतल्या ना?"

आमचे थोरले बंधू २०२१ च्या मे महिन्यात गेले. यंत्र आल्यापासून, म्हणजे आठ वर्षे, ते रोज संध्याकाळी ज्वारी, तूर, हरभरा, गहू यांचे पेठेतील भाव आणि त्याखाली एखादी ओळ लिहून ठेवीत. कोणत्या गावाकडे पाऊस झाला, कोणाचा माल ओला निघाला, कोणत्या पार्टीने शब्द पाळला. ही फाइल 'डी' या नावाच्या कप्प्यात होती. आम्ही 'सी' मधील सामान तेवढे उचलले होते. 'डी' ही वेगळी पेटी आहे आणि तिला काही होणार नाही, अशी आमची कल्पना. वस्तुतः 'सी' आणि 'डी' हे एकाच डिस्कचे दोन खण असतात. एका गोदामात मधे भिंत घालून दोन खोल्या केल्या, तसे. 'इरेज डिस्क' म्हणजे गोदामच रिकामे करणे. ती कळ दाबून पुढच्या पडद्यावर होकार दिला असता, तर थोरल्या बंधूंची आठ वर्षे एका मिनिटात गेली असती.

आम्ही हात मागे घेतला. चहा निवून गेला तरी कोणी काही बोलले नाही.

येथे लिनक्सचा एक गुण उपयोगी पडला, तो आवर्जून सांगण्यासारखा आहे. ही प्रणाली यंत्रात न बसविता नुसत्या पेनड्राइव्हवरून चालविता येते. आपण पोते घेण्यापूर्वी त्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढतो व तळहातावर पाहतो, तसाच हा नमुना. या अवस्थेत डिस्कवर काहीही लिहिले जात नाही, परंतु डिस्कवर असलेले वाचता मात्र येते. बसविण्याची खिडकी बंद करून आम्ही 'डी' हा खण तेथूनच उघडला, संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतले आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणखी एक नक्कल केली. ज्यांचे विंडोज सुरूच होत नाही अशा बंधूंसही आपले कागद याच मार्गाने बहुधा सोडविता येतात. मात्र विंडोजने डिस्कला कुलूप घातले असेल, तर त्याची किल्ली आधी हाती पाहिजे.

आता पायऱ्या. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्यावा; त्यावर असलेले सर्व पुसले जाणार हे ध्यानात धरावे. मिंटच्या अधिकृत ठिकाणाहून सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून घ्यावी. ती वाटेत बिघडली तर नाही ना हे पाहण्याकरिता चौसष्ट अक्षरांचा एक ठसा दिलेला असतो. आपल्याकडील फाइलचा ठसा काढून त्याच्याशी ताडून पाहावा. आपण माल उतरताना बीजक हाती घेऊन पुन्हा काट्यावर वजन करतोच की. ही फाइल नुसती पेनड्राइव्हवर ठेवून भागत नाही. रूफस किंवा एचर यांसारख्या साधनाने ती विशिष्ट रीतीने उतरवावी लागते. पहिल्या दिवशी आम्ही नुसतीच ठेवली आणि यंत्र काही केल्या ओळख देईना, तेव्हा हे कळले.

यानंतर यंत्र बंद करून पेनड्राइव्ह लावावा, आणि सुरू करताच एक विशिष्ट कळ पुन्हा पुन्हा दाबावी. कोठे ती एफ१२ असते, कोठे एफ९, कोठे एस्केप. सुरुवात कोठून करावी ते विचारणारी यादी येते, तीत पेनड्राइव्ह निवडावा. दोन मिनिटांत लिनक्सचा पडदा दिसू लागतो. येथे घाई करू नये. निदान एक दिवस असेच वापरून पाहावे. आवाज येतो का, इंटरनेट लागते का, प्रिंटर ओळखला जातो का, हे सर्व येथेच कळते. जे येथे चालत नाही ते बसविल्यावर आपोआप चालू लागेल असे मानू नये.

बसविणे त्या मानाने सोपे. भाषा विचारतात, तीत मराठीही आहे. आम्ही मात्र इंग्रजीच ठेवली, कारण अडचण आल्यावर नातीला दूरध्वनीवर पडद्यावरचे शब्द वाचून दाखवावे लागत. कळफलक विचारतात. चित्रफिती व गाणी चालण्यास लागणारे जास्तीचे सामान हवे का असे विचारतात, तेथे होकाराची खूण करावी. मग तो डिस्कचा पडदा. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसविण्याचीही सोय असते, आणि ज्यांचे मन होत नाही त्यांनी ती घ्यावी. आमच्या मते मात्र जुन्या लहान डिस्कवर दोन कारभारी सुखाने नांदत नाहीत. पुढे गाव विचारतात, तेथे भारतासाठी कोलकाता दाखविलेले असते. नाव व परवलीचा शब्द द्यावा. परवलीचा शब्द चोपडीत लिहून ठेवावा, कारण नवे काहीही बसविताना तो पुन्हा मागितला जातो. पाऊण तासात काम झाले.

पहिल्याच संध्याकाळी एक गमतीची अडचण आली. ब्राउझर एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडीना. प्रत्येक वेळी धोक्याची सूचना. लिनक्सलाच दोष देऊन आम्ही जवळजवळ हात टेकले होते. निघाले ते इतकेच, की यंत्रातील रुपयाएवढी गोल बॅटरी संपली होती, आणि प्रत्येक वेळी वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाई. संकेतस्थळांच्या ओळखपत्रांवर मुदत असते. आपल्या यंत्राची तारीख चुकली की ती ओळखपत्रे खोटी ठरतात. सीआर २०३२ या क्रमांकाची बॅटरी घड्याळाच्या दुकानात मिळाली. जुन्या यंत्रात ती आधीच बदलून टाकावी.

त्याहून गंभीर प्रसंग दुसऱ्या दिवशीचा. थोरल्या बंधूंची फाइल उघडली, तो मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरे व चिन्हे. एक शब्द लागेना. दिवाणजींचा चेहरा उतरला. कारण असे होते, की पूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. तो फॉन्ट यंत्रावर असेल तर मराठी दिसे, नसेल तर घरावरची मूळ इंग्रजी पाटी. आताच्या युनिकोड पद्धतीत प्रत्येक मराठी अक्षरास स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ही पंचाईत उरलेली नाही. आमच्या फाइलचे काही बिघडले नव्हते, फॉन्ट तेवढा पुसला गेला होता. सुदैवाने दुसऱ्या संगणकावर तोच संच होता. त्याच्या फायली आणून बसविताच पहिल्या पानावरील तुरीचा भाव त्यांच्या नेहमीच्या मांडणीत दिसू लागला. यास्तव नक्कल करताना विंडोजच्या फोल्डरातील फॉन्टही उचलून ठेवावेत. ज्यांच्याकडे जुनी मराठी पत्रे आहेत, अशा प्रत्येकाला हे लागू आहे.

आता या प्रणालीने काय होत नाही तेही उघड सांगितले पाहिजे. नमुना दाखवावयाचा एक आणि माल द्यावयाचा दुसरा, असा व्यवहार येथे नको. टॅली हा कार्यक्रम विंडोजसाठी केलेला आहे. 'वाइन' नावाच्या मध्यस्थाकरवी काहीजण तो लिनक्सवर चालवितात, परंतु पेढीचे हिशेब अशा उसनवार आधारावर ठेवावेत असे आम्ही कोणासही सुचविणार नाही. जीएनयूकॅश नावाचा दुहेरी नोंदीचा मुक्त कार्यक्रम मिळतो व घरखर्चास चांगला आहे. जीएसटीच्या आपल्या पद्धतीसाठी मात्र तो बेतलेला नाही. तेव्हा ज्यांच्याकडे एकच यंत्र आहे आणि त्यावर टॅली आहे, त्यांनी हा उद्योग करू नये. ज्यांच्याकडे दुसरे, अडगळीत गेलेले यंत्र आहे, त्यांच्यासाठीच हा लेख.

बाकीचे काम मात्र सुरळीत चालते. जीएसटीचे संकेतस्थळ व ई-वे बिल ब्राउझरमध्ये उघडते. आमच्यासारख्या एकट्याच्या मालकीच्या पेढीस विवरणपत्र दूरध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक अंकाने भरता येते. कंपन्यांना डिजिटल सही लागते, त्यांनी आपल्या कर सल्लागारास विचारून घ्यावे. पत्रे व तक्ते यांकरिता लिबर ऑफिस सोबतच येते. उधारीचे जुने तक्ते त्यात उघडले, दोन ठिकाणी रकाने सरकले ते नीट करून घेतले. दैनिक भावपत्रक त्यावरच निघते. जुना सुईचा प्रिंटर, ज्यावर आम्ही वजनचिठ्ठ्या काढतो, तो 'एप्सन ९-पिन' हे नाव निवडताच चालू लागला. नवा छोटा लेझर प्रिंटर मात्र अजून ऐकत नाही. त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी दिलेला चालक जुना आहे. तीन रविवार त्यात घालवून आम्ही तो नाद सोडला. त्यावर काढावयाचे कागद दुसऱ्या संगणकाकडे पाठवितो.

वेगाविषयी विचाराल, तर प्रथम फारसा फरक जाणवला नाही. ब्राउझरच्या चारपाच खिडक्या उघडल्या की ४ जीबी मेमरी अपुरी पडे. जानेवारीत आणखी ४ जीबी मेमरी आणि २४० जीबीची एसएसडी घातली. ही बिनचाकांची, फिरणारा भाग नसलेली डिस्क. दोन्ही मिळून खर्च अडीच हजारांच्या आसपास आला आणि यंत्र खरोखर तरुण झाले. तेव्हा लिनक्स पुन्हा नव्याने बसविले, ते पंचवीस मिनिटांत व कोणास न विचारता. या वेळी जुनी डिस्क आधी काढून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवली. आता पहिल्यापासून करावयाचे झाले तर आम्ही हेच करू. जी डिस्क यंत्रात नाही ती चुकूनही पुसली जात नाही.

दिवाणजी कळफलकाची इनस्क्रिप्ट पद्धत शिकले. पंधरा दिवस त्रासले, मग बोटे बसली. थोरल्या बंधूंची शेवटची नोंद जेथे आहे, तिच्या खाली एक रिकामी ओळ सोडून ते आता रोजचे भाव युनिकोडमध्ये लिहितात. मधली साडेचार वर्षे कोरी आहेत; पावती पुस्तकांवरून ती भरून काढता येतील का, हे पाहत आहोत.

मिंट उतरविलेला पेनड्राइव्ह दुकानात गल्ल्याच्या उजव्या खणात ठेवलेला आहे. ज्या सभासदांस हवा असेल त्यांनी दोन दिवसांकरिता न्यावा, आणि आठवणीने परत आणून द्यावा. मागचा अजून परत आलेला नाही.